गाठ सोडवणार कोण?

"मामा, आवाज पुढं पयते अन् चित्र मांगं राह्यते," भाचीने बार्शीटाकळीहून फोनवर सांगितलं. टॅब नवा, आठ इंची, स्वस्तातला. मैत्रिणीकडून मेमरी कार्डावर आणलेले जीवशास्त्राचे तास त्यावर अडखळत होते. तिने एकामागून एक तीन प्लेअर टाकून पाहिले. फाइलच्या नावापुढे एमकेव्ही होतं, म्हणून दोष एमकेव्हीचा, असं तिचं मत झालं होतं.

एमपी4 काय, एमकेव्ही काय, ही पोत्यांची नावं. पोतं पाहून आत तूर आहे की सोयाबीन, हे कळत नाही. आत चित्र ज्या पद्धतीने दाबून भरलेलं असतं, तिला कोडेक म्हणतात. टॅबचं सगळं दुखणं त्या दाबण्यापाशी आहे.

अकोला जिल्ह्याला दाबणं समजावून सांगायला नको. कापूस जिनिंगमध्ये जातो, सरकी वेगळी होते आणि रुई प्रेसमध्ये दाबून 170 किलोची गाठ बांधली जाते. चित्राचंही तसंच. 1280 गुणिले 720 ठिपक्यांचं रंगीत चित्र सेकंदाला 25 वेळा, न दाबता साठवलं, तर दर सेकंदाला सुमारे 69 एमबी लागतात. 32 जीबीचं अख्खं कार्ड आठ मिनिटांच्या आत भरेल! म्हणून डोळ्याला जाणवणार नाही असा तपशील आधी काढून टाकतात, आणि जे हललं नाही ते पुन्हा लिहीत नाहीत. फळ्यापुढच्या शिक्षकाचा हात तेवढा हलतो. फळा एकदा नोंदवला की पुष्कळ वेळ पुरतो. शिकवणीची फाइल मारामारीच्या सिनेमापेक्षा लहान होते ती यामुळेच.

पण गाठ जितकी घट्ट, तितकी सोडवायला अवघड. 2003 सालच्या एच.264 या कोडेकला जेवढी जागा लागते, तिच्या जवळपास निम्म्या जागेत 2013 चा एच.265 तेच चित्र बसवतो. 2018 चा एव्ही1 त्याहून घट्ट दाबतो. ही गाठ चित्र पाहताना, त्याच क्षणी सोडवावी लागते. त्यासाठी चिपमध्ये खास भाग असतो. ओळखीची गाठ तो सहज सोडवतो, बॅटरीही फारशी खात नाही. अनोळखी गाठ आली की मुख्य प्रोसेसरला ती जणू हाताने पिंजावी लागते. टॅब तापतो, चित्र मागे पडतं. 2011 च्या 'आकाश' या स्वस्त टॅबचा प्रोसेसर अवघा 366 मेगाहर्ट्झचा होता, म्हणून त्यात व्हिडिओसाठी वेगळी सोय केलेली होती.

गाठ कोणाच्या हाती द्यायची, एवढंच प्लेअर ठरवतो. एमएक्स प्लेअरमध्ये एचडब्ल्यू निवडलं तर ती चिपच्या खास भागाकडे जाते, एसडब्ल्यू निवडलं तर प्रोसेसरकडे. चिपला जे येत नाही ते कोणताही प्लेअर तिला शिकवू शकत नाही. आवाजाचं मात्र वेगळं. चित्र दिसतं पण आवाजच नाही, असं झालं तर व्हीएलसी हा प्लेअर टाकून पाहावा. आवाज सोडवणं प्रोसेसरला मुळीच जड नसतं.

भाचीला व्हीएलसीमध्ये फाइलची माहिती उघडायला सांगितली. एव्ही1, तोही 1080 ओळींचा! टॅबचा पडदा 1280 गुणिले 800 चा, म्हणजे त्या जास्तीच्या ठिपक्यांचा तिला काडीचा उपयोग नव्हता. चिपने मात्र एव्ही1 कधी पाहिलेलाच नव्हता.

रविवारी ती कार्ड घेऊन अकोल्याला आली. संगणकावर हँडब्रेक या मोफत प्रोग्रामने सगळे तास एच.264, 720 ओळी, एएसी आवाज, एमपी4 असे करून घेतले. स्वस्त टॅबला मी डोळे झाकून हाच साज सांगेन. बदलायला रात्र झाली. गाठी सैल झाल्या, तशा काही फाइली फुगल्या, आणि सगळे तास कार्डात मावेनात. मग तिने वही काढली, आनुवंशिकतेचे तास आधी टाकायला सांगितले, आणि बाकीचे पुढच्या रविवारी न्यायचे ठरवून तेवढेच घेऊन गेली.