परत घरी आणण्याची अमानत



पुण्यात कोणी विसंगत बोलू लागला की लोक हसत म्हणतात, ‘याला येरवड्याला पाठवा.’ मुंबईकडे हीच थट्टा ठाण्याच्या नावाने चालते. कसबा पेठेतील एका घरात मात्र ही थट्टा आता कोणी करीत नाही. त्या घरचा थोरला मुलगा पस्तिशीचा आहे. भिंतीतून आवाज येतात, शेजारी अन्नात काही कालवतात, असे तो म्हणू लागला. रात्र रात्र झोपेना. शेवटी घरच्यांनी त्याला माडीवरच्या खोलीत ठेवून बाहेरून कडी लावली. एका जुम्याच्या नमाजनंतर त्याची आई मशिदीच्या दाराशी थांबली होती. ती म्हणाली, “मौलानासाहेब, दवाखान्यात ठेवला तर लोक म्हणतील आईने टाकला. घरात ठेवला तर कडी लावावी लागते. अल्लाह मला कशाबद्दल विचारील?”

तिला मी त्या दिवशी जे थोडेफार सांगू शकलो, ते आज सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट, हा आजार म्हणजे गुन्हा नव्हे. ज्याची बुद्धी हरपली आहे, त्याच्या कृत्यांची नोंद करणारी लेखणी तो भानावर येईपर्यंत उचललेली असते, असे हदीसमध्ये आले आहे. अल्लाहने ज्याचा हिशेब थांबविला, त्याचा हिशेब गल्लीने मांडावा, हे कोणत्या न्यायात बसते? हजरत अनस (रजि.) यांनी मदीनेतील एका स्त्रीची हकीकत सांगितली आहे. तिच्या बुद्धीत काही बिघाड होता. तिला प्रेषितांशी (स.) बोलायचे होते. प्रेषितांनी (स.) तिला आदराने संबोधून, कोणत्या गल्लीत बोलायचे ते तिलाच ठरवू दिले आणि तिचे म्हणणे संपेपर्यंत ते तिच्यासोबत उभे राहिले. सहीह मुस्लिममधील ही हदीस आपल्या प्रवचनांत फार क्वचित ऐकू येते.

सूरह अन्-निसाच्या पाचव्या आयतीत समज कमी असलेल्यांची मालमत्ता त्यांच्या हाती सोपवू नका, असा आदेश आहे. कित्येकजण इथेच थांबतात आणि भावाचा हिस्सा आपल्या नावावर करून मोकळे होतात. तीच आयत पुढे त्यांना त्यातूनच अन्नवस्त्र देण्यास आणि त्यांच्याशी चांगले बोलण्यास सांगते. म्हणजे घरच्यांना अधिकार मिळाला तो राखणदाराचा, मालकाचा नव्हे.

आता कडी आणि साखळीविषयी. तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरात मनोरुग्णांना ठेवणारी खाजगी निवासस्थाने होती. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे त्यांपैकी एकाला आग लागली. साखळ्यांनी बांधलेल्या रुग्णांना पळता आले नाही. २८ जीव गेले. त्यांच्या आप्तांनी त्यांना तेथे शिफा मिळेल याच आशेने आणले होते. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली. हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. मुसलमानाला मात्र यासाठी कायद्याची वाट पाहण्याची गरज नव्हती.

मग दुआ सोडावी काय? मुळीच नाही. सूरह फातिहा पढून दम करणे सुन्नतने सिद्ध आहे आणि इलाज करा हा आदेशही त्याच प्रेषितांचा (स.) आहे. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात मुजावरांना प्रशिक्षण देऊन, येणाऱ्या रुग्णांना तेथेच मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठविण्याची व्यवस्था झाली. महाराष्ट्रातून तेथे जाणारी घराणी कमी नाहीत. त्यांनी दुवा घेतली तशी दवाही घ्यावी.

स्किझोफ्रेनियात भास आणि संशय माणसाला घेरतात; बायपोलर आजारात कधी उन्माद, कधी असे नैराश्य की जीव नकोसा होतो. आजार तीव्र झाला की घरच्यांचे प्रेम पुरे पडत नाही. औषधाची मात्रा ठरविणे, झोप सावरणे, स्वतःला इजा करू न देणे, यासाठी काही काळ रात्रंदिवस देखरेख लागते. दाखल करणे ते याचसाठी. रुग्ण राजी नसेल तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर, तपासणीनंतर, प्रथम ३० दिवसांपर्यंतच दाखल करता येते. जन्माची कैद येथे कुठेच नाही. ही कल्पना आपल्याला परकीही नाही. दमास्कसमध्ये नूरुद्दीन झंगी यांनी आणि १२८४ मध्ये कैरोत सुलतान कलावून यांनी बांधलेल्या रुग्णालयांत मनोरुग्णांनाही जागा होती, आणि खर्च वक्फच्या उत्पन्नातून चाले. दमास्कसमध्येही अनावर रुग्णांना बांधले जाई, हे प्रवासी इब्न जुबैर यांनी नोंदविले आहे. पूर्वजांचा गौरव करताना तेही लपवू नये.

उपचारांतली अवघड बाब दाखल करण्याच्या दिवशी संपत नाही, ती सुटीच्या दिवशी सुरू होते. राज्यात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. बरे होऊनही घरचे न्यायला येत नाहीत, म्हणून तेथे वर्षे काढणारी माणसे आहेत. घरचे स्वीकारत नाहीत एवढ्याच कारणाने कोणालाही रुग्णालयात ठेवून घेऊ नये, असे कायदा म्हणतो. तो हाफवे होमची जबाबदारीही सरकारवर टाकतो. पण भावाने दिलेला पत्ता खोटा असेल तर कायदा कोणाच्या दारावर थाप देणार? सिलारहमीवर व्याख्याने ऐकणाऱ्या आपल्या समाजातही असे भाऊ आहेत. तेव्हा त्या आईला मी एवढेच म्हणालो, “आपा, तुम्ही ठेवलंत म्हणून अल्लाह विचारणार नाही. आणायला गेला नाहीत तर विचारील.”

घरी आणल्यावर गोळ्या बंद करू नयेत. बरे वाटू लागले की नेमकी हीच चूक होते. रमजानमध्ये तर विशेष जपावे. लिथियम घेणाऱ्याच्या शरीरातील पाणी कमी झाले की औषधाचे रक्तातील प्रमाण धोक्याच्या पातळीला जाऊ शकते, आणि तरावीह-सहरीच्या जागरणाने उन्माद उसळू शकतो. आजाऱ्याला रोजाची सवलत कुरआननेच दिली आहे. डॉक्टरांना विचारून ती घ्यावी, आणि लोकांनी त्याच्या ताटाकडे पाहू नये. रात्री-अपरात्री मन फारच बिथरले तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

तो मुलगा महिन्याच्या आत घरी आला. धाकटा भाऊ दुकान बंद ठेवून त्याला आणायला गेला होता. माडीवरच्या खोलीची बाहेरची कडी त्यानेच काढली. पहिल्या जुम्याला दोघे शेवटच्या सफमध्ये उभे राहिले. धाकट्याच्या खांद्याला खांदा होता. थोरल्याच्या दुसऱ्या बाजूला एका माणसाची जागा रिकामी राहिली. सफ जोडून घ्या, असे मी प्रत्येक नमाजला सांगतो. त्या दिवशी ते दोनदा सांगावे लागले.