फणसाचा पिवळा

लाकडाचा खरा रंग पाहायची सुतारांची एक जुनी रीत आहे. रंधा मारलेल्या फळीवर अंगठा ओला करून फिरवायचा. पॉलिश चढल्यावर लाकूड कसं दिसेल, ते त्या ओल्या पट्ट्यात घटकाभर दिसतं. चौदा वर्षांपूर्वी आमच्या मिस्त्रींनी एका शिसवी तुकड्यावर आणि एका फणसाच्या तुकड्यावर असाच अंगठा फिरवला आणि दोन्ही माझ्यापुढे धरले. एक पिकल्या जांभळासारखा, दुसरा हळदीत बुडवून काढल्यासारखा. मी लगेच म्हटलं, "हेच!"

"ताई, आज दिसतंय त्यावर जाऊ नका," ते म्हणाले. मी गेले.

शिसवी झाकण, त्यावर फणसाच्या लाकडाची वेल, अशी दागिन्यांची पेटी तयार झाली. पहिली दोन वर्षं येणारा-जाणारा तिच्यावरून बोट फिरवायचा. आता ती वेल दाखवावी लागते. फणस गडद होत होत मधासारखा तपकिरी झाला, आणि खिडकीतल्या उन्हाने शिसवी लाकडातलं जांभळं पाणी उडालं. दोघं दोन टोकांकडून निघाले आणि मध्येच कुठेतरी भेटले. झाकणाच्या एका कोपऱ्यात गणपतीची पितळी मूर्ती ठेवलेली असे. ती परवा उचलली, तर तिच्या बुडाएवढ्या वर्तुळात वेलीची दोन पानं अजून बरीचशी पिवळी होती.

त्या दोन पानांमुळे मी या विषयाच्या मागे लागले.

आपण जडावकामाकडे पाहतो ते रंगांच्या हिशेबाने. काळ्यावर पांढरं, तांबड्यावर पिवळं. पण लाकडाचा रंग हा काही भिंतीचा रंग नव्हे. बहुतेक फिकी लाकडं उजेडाने आणि हवेने गडद होत जातात, बरीचशी गडद लाकडं उजळत जातात. सागाचंच बघा. ताजा कापलेला साग कधीकधी हिरवट, डागाळलेला, अगदी गरीब दिसतो. थोडे दिवस उन्हावाऱ्यात राहिला की त्याला तो ओळखीचा सोनेरी रंग येतो. अंदमानचा पडौक उलट चालीचा. करवतीखालून निघतो तेव्हा कुंकवासारखा लाल असतो, पण काही वर्षांत विटकरीवरून तपकिरीवर उतरतो. वर त्याची आणखी एक खोडी आहे. त्याचा लाल रंग स्पिरिटमध्ये विरघळतो. शेजारी फिकं लाकूड बसवून स्पिरिटमधल्या लाखेच्या पॉलिशचा बोळा सरळ फिरवला, की पडौकाचा लाल त्या फिक्या लाकडाच्या रेषांत शिरतो. मग कितीही घासा.

युरोपातल्या कारागिरांनाही हा धडा महाग पडला आहे. अठराव्या शतकात लंडन-पॅरिसच्या फर्निचरवर फुलापानांचं जडावकाम असे, आणि त्यासाठी लाकडाचे पातळ पापुद्रे हिरवे, निळे, लाल रंगवून घेत. आज संग्रहालयांत ती कपाटं एकजात मधाळ तपकिरी दिसतात आणि आपण त्या 'संयत' रंगसंगतीचं कौतुक करतो. बनवणाऱ्याने कदाचित कपाळाला हात लावला असता. तोच पापुद्रा सोडवून उलटा केला, तर मागे अजून हिरवा सापडतो. गंमत म्हणजे त्याच्याही आधी, पंधराव्या शतकातल्या इटालियन कारागिरांनी हिरव्यासाठी एका बुरशीचा आधार घेतला होता. जंगलात पडून कुजणाऱ्या लाकडाला ती बुरशी निळसर हिरवा रंग देते. तो हिरवा पाचशे वर्षांनंतरही टिकून आहे.

टिकणाऱ्या रंगांचं आपल्याकडचं उत्तम उदाहरण गोव्याचं आहे. सतराव्या शतकात पोर्तुगीज गिऱ्हाइकांसाठी गोव्यात 'कोंतादोर' नावाची खणांची कपाटं बनत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात ती आहेत, लिस्बनलाही आहेत. जमीन सागाची, जडाव एबनी या काळ्या लाकडाचा, मधूनमधून हस्तिदंताचे बारीक ठिपके. यांतली कित्येक कपाटं एकमेकांत गुंतलेल्या वर्तुळांनी भरलेली असतात. जरा वेळ पाहत राहिलं की काळी वर्तुळं मागे सरतात आणि सागाच्या चार पाकळ्यांचं फूल पुढे येतं; पुन्हा पाहावं तर फूल गेलेलं आणि वर्तुळं परत आलेली असतात. जमीन कुठली आणि नक्षी कुठली, हे ठरवायचं काम कारागिराने बघणाऱ्यावर सोडून दिलंय. कपाट पाहणारे बहुधा त्याच्या पायांपाशी थांबतात, कारण तिथे नागकन्या कोरलेल्या असतात. मी खणांवरच्या वर्तुळांपाशी थांबेन.

पण मुद्दा रंगाचा आहे. सागाचा सोनेरी आणि एबनीचा काळा या दोन रंगांना फारसं कुठे जायचंच नसतं. साग मुरतो, एबनी काळीच राहते. म्हणून साडेतीनशे वर्षांनंतरही ती वर्तुळं दुरूनही लख्ख दिसतात. भडक सुरुवात करून पुढे विझणाऱ्या जोडीपेक्षा बेताचं अंतर राखून चालणारी जोडी बरी. हे मी लाकडाबद्दलच लिहितेय; वाचकांनी भलते अर्थ काढू नयेत.

राहिला पांढरा. लाकडात खरा पांढरा जवळजवळ नाहीच, आणि असला तरी टिकत नाही. म्हणून तर हत्ती मारले गेले. म्हैसूरच्या राजवाड्यात अंबाविलास दालनाचं शिसवी दार आहे, त्यात हस्तिदंत जडवलेला आहे. गडद जमिनीवर ती पांढरी रेघ इतकी धारदार दिसते की माणूस त्यापलीकडचा विचारच करत नाही. १९८९ मध्ये हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. आपल्याकडे १९८६ आणि १९९१ च्या कायदादुरुस्त्यांनी देशातला व्यापारही थांबला. ते व्हायलाच हवं होतं. म्हैसूरच्या जडावकामाचा भर मग रंगीत लाकडांवर आला. फणस, चाफा, आंबा यांचे बारीक तुकडे फ्रेट सॉने कापायचे, शिसवी फळीत पटाशीने त्यांच्या मापाचे खळगे करायचे आणि ते त्यांत बसवायचे. पांढरी रेघ गेली आणि तिच्या जागी झाडं, हत्ती, संध्याकाळचं आकाश अशी चित्रं आली. काही चित्रं अप्रतिम असतात. पुष्कळशी कॅलेंडरवरच्या चित्रांसारखी असतात, कारण रंग मिळाले म्हणून सगळेच वापरायचा मोह होतो. इकडे मिरजेच्या तंबोऱ्यांवर पांढऱ्याची गरज बहुतेक ठिकाणी प्लास्टिकने भागवली आहे. त्याला नाक मुरडणाऱ्यांनी हत्तीची बाजूही एकदा ऐकावी.

आता शिसवी लाकडाचीच पाळी आहे. शिसवाच्या सगळ्या जाती २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या निर्बंधांत आहेत. उद्याचा सुतार गडद जमीन कशाची घेणार, हा प्रश्न नुसता हौशी लोकांचा उरलेला नाही.

रंगांचं जमलं तरी स्वभावांचं जमावं लागतं. लाकूड पावसाळ्यात फुगतं, पण रुंदीला; लांबीला जवळजवळ नाही. त्यामुळे रुंद फळीवर रेषांना आडवी पट्टी जडवली, की कोकणातल्या पहिल्याच आषाढात भांडण सुरू होतं. फळी पट्टीला ताणते, पट्टी ताणली जात नाही. मग सांधा उघडतो. उन्हाळ्यात फळी आकसली की पट्टीचं टोक उचकटून वर येतं. फूट-सव्वा फूट रुंदीच्या सागाच्या फळीत हा खेळ दोन-तीन मिलिमीटरचा असू शकतो. नखाला लागायला तेवढं पुरतं. दोन्ही लाकडं सारखी कडक नसली तर घासतानाही फसगत होते. एबनीचा तुकडा पाण्यात टाकला तर बुडतो, साग तरंगतो. दोघांवर एकच पॉलिश पेपर फिरवला की साग खाली जातो आणि एबनी उंचवट्यासारखी वर राहते. शिवाय तिची काळी भुकटी सागाच्या छिद्रांत बसते आणि सोनेरी लाकूड मळकं होतं. म्हणून जाणते कारागीर तिथे कागद टाळतात आणि पोलादी पात्याने खरवडतात. सागाला तेल असतं, तेव्हा सरस किंवा फेविकॉल लावण्याआधी खळगा थिनरने पुसून घ्यावा लागतो. नाहीतर तुकडा बसतो आणि वर्षभरात टकटक वाजायला लागतो.

मराठीत खळग्याला एक सुंदर शब्द आहे, कोंदण. आपण तो हिऱ्यासाठी राखून ठेवलाय. जडावकामात मात्र लोक हिरा निवडायला तासभर घालवतात आणि कोंदण जे हाताशी असेल ते घेतात. माझं नेमकं हेच झालं. मी फणसाच्या पिवळ्यावर भाळले. तो कशात बसणार आहे याचा विचारच केला नाही.

त्याच मिस्त्रींनी नंतर मला एक पाट करून दिला. सगळा साग, दुसरं लाकूड नाही. कडेची पट्टी फक्त रेषा आडव्या फिरवून बसवलेली. आडव्या पट्टीचं भांडण त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं, म्हणून ती आखूड तुकडे जोडून केलेली आहे. सकाळी पूर्वेकडून उजेड आला की पट्टी गडद दिसते आणि पाट फिका. पाट काटकोनात फिरवला की उलट. झाड एक, रंग एक, फरक फक्त रेषांच्या दिशेचा. एवढ्या वर्षांत त्यातलं काही विझलेलं नाही.

तुम्ही कुणी असं काम करून घेणार असाल, तर एवढं करा. निवडलेल्या लाकडांचे तळहाताएवढे तुकडे मागून घ्या, त्यांना ठरलेलं पॉलिश लावून घ्या, अर्ध्यावर जाड काळा कागद गुंडाळा आणि ऊन येणाऱ्या खिडकीत ठेवा. एक उन्हाळा नि एक पावसाळा जाऊ द्या. दिवाळीला कागद काढा, आणि मग सुताराला होकार द्या.