तवर गाडी मांजरसुंब्याला पोचली

पावसाळा सरत आला की बीड जिल्ह्यातल्या चौसाळ्याच्या अलीकडे-पलीकडे, सोलापूर-धुळे महामार्गाच्या कडेला सीताफळाच्या पाट्या दिसू लागतात. त्यातली एक पाटी आक्काची. बालाघाटाच्या उतारावरच्या मुरमाड रानात तिची बाग. तिथलं फळ पहाटे तोडायचं आणि ऊन चढायच्या आत सडकेवर आणायचं, हा तिचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता.

नातू पुण्यात कॉम्प्युटर शिकून आला. म्हणाला, "आक्का, सडकेवर किती दिवस बसणार? मी वेबसाइट काढतो. पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं घरबसल्या पेट्या मागवतील."

"काढ की," आक्का म्हणाली. "दुकान कुटं का असंना, माल खपल्याशी मतलब."

पोराने महिनाभर जीव ओतला. वेबसाइट उघडली की आधी डोंगरावरून सूर्य उगवायचा, मग वरून सीताफळं टपटप पडायची, मागे सनई वाजायची. त्याखाली घराण्याचा इतिहास, मग आजोबांचा फेटा बांधलेला फोटो. भाव आणि फोन नंबर अगदी तळाला, तेही एका रंगीत चित्रात कोरलेले. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणून त्याचं बोधचिन्हही त्याने ऐटीत वर डकवलं.

हंगाम सुरू झाला. लोक वेबसाइटवर येत होते, ते आकड्यांत दिसत होतं. पण आले तसे जात होते. पंधरा दिवसांत मागणी आली सात पेट्यांची. इकडे भरून ठेवलेल्या पेट्यांतला माल मऊ पडायला लागला. सीताफळ काही ज्वारी नव्हे, की कणगीत भरून ठेवावं. तोडल्यावर तीन-चार दिवसांत ते पिकतं आणि पिकलं की दम धरत नाही. थंडीत ठेवावं तर साल काळी पडते. शेवटी घरातल्या बायकांनी बसून गर काढला, तेव्हा निम्मंअर्धं वाचलं.

तोंड पाडून पोरगा आक्काशेजारी सडकेवर येऊन बसला. "लोकांना चांगल्या मालाची किंमतच नाही, आक्का."

आक्का काही बोलली नाही. ती पाटी लावत होती. आज खायची फळं उजवीकडे, परवा पिकणारी डावीकडे. एक टपोरं फळ दोन्ही हातांनी दाबून तिने उकललं आणि पांढराशुभ्र गर रस्त्याकडे करून अगदी पुढे ठेवलं. पुठ्ठ्यावर कोळशाने लिहिलेला भाव लांबून वाचता यावा म्हणून दगडाला टेकवला, आणि मग ती दोन पावलं मागे सरून सडकेवरूनच आपल्या पाटीकडे बघत उभी राहिली.

"तिकडून काय बघतेस?"

"गाडीतल्या मानसाला काय दिसतंय ते. रस्ता चौपदरी झाल्यापासून गाड्या पळत्यात. त्यानं ब्रेक मारायचा का न्हाई, हे एका नजरंत ठरतंय. तेवढ्यात त्याला कळाय पायजे, काय हाय, कसं हाय, केवढ्याला हाय."

तेवढ्यात एक गाडी थांबलीच. काच खाली झाली. "आजच खायचीत का घरी न्यायचीत?" आक्काने विचारलं, फळं मोजून दिली, पैसे घेतले. गाडी गेली.

"आता तुझं दुकान दाव."

पोराने फोन पुढे केला. सडकेवर रेंज जेमतेम. पडद्यावर एक चक्र गरगरू लागलं.

"हे काय फिरतंय?"

"उघडतंय, आक्का."

"अजून?"

"फोटो मोठे आहेत ना, वेळ लागतो."

आक्काने सडकेकडे बघितलं. "तवर गाडी पुढं मांजरसुंब्याला पोचली, लेकरा."

कसंबसं ते उघडलं. सूर्य उगवला, सनई वाजली. आक्काने चष्मा सारखा केला आणि बोटाने खाली खाली सरकत राहिली. आजोबांच्या फोटोपाशी घटकाभर थांबली. मग म्हणाली, "ह्यांचा फोटू भिंतीवर शोभतो. पाटीत ठेवला तर गिऱ्हाईक फळ कुटं बघंल? आन् भाव तळाला का रं? लपवायसारखा हाय का?"

पोरगा हसला, पण रात्री त्याला झोप लागली नाही. टिम बर्नर्स-ली यांनी 1991 साली सर्न संस्थेत केलेली जगातली पहिली वेबसाइट त्याला आठवली. नुसता मजकूर आणि दुसरीकडे नेणारे दुवे, चित्र एकही नाही. ज्याला जे हवं, ते त्याला सापडावं, एवढ्यासाठी केलेली. आपण मात्र गिऱ्हाइकासाठी नव्हे, स्वतःला मिरवायला दुकान मांडलं होतं.

दुसऱ्या हंगामाआधी त्याने सगळं मोडून नव्याने मांडलं. सनई गेली, सूर्य मावळला. पाच-पाच एमबीचे फोटो दोनशे केबीच्या आत आणले. सगळ्यात वर एकच चित्र ठेवलं, उकललेल्या फळाचं. त्याखाली पेटीत किती फळं, भाव काय, पोचायला किती दिवस. फोन नंबर चित्रातून काढून असा ठेवला, की बोट लावलं की थेट फोन लागावा. चित्रातली अक्षरं शोधयंत्राला नीट वाचता येतीलच असं नाही, म्हणून 'चौसाळा, जिल्हा बीड' हे साध्या युनिकोड मराठीत लिहिलं. मानांकनाचं चिन्हही उतरवलं. ते वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते आणि ती त्याने केलेलीच नव्हती. आधी अर्ज, मग चिन्ह.

या खेपेला फोन वाजू लागले. पेट्या भरताना हात पुरेनात. घाईघाईत एका पेटीत डोळे न उघडलेली फळं गेली. सीताफळाच्या खवल्यांमधल्या फटी रुंदावून पिवळसर झाल्या, की त्याने डोळे उघडले म्हणायचं. त्याआधी तोडलेलं फळ नीट पिकत नाही, दगडासारखं राहून काळं पडतं. गिऱ्हाइकाचा फोन आला, "तुमच्या फोटोत तर वेगळंच होतं!"

पोराने पैसे परत पाठवले आणि आक्काला सांगितलं.

ती पाटीतली फळं निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पुढं फोडून ठेवलेलं फळ म्हंजे आपण दिलेला शबूद. पाटीतलं बाकीचं फळ त्याच्यावानी निघालं, तरच ती मांडणी. न्हाईतर ती फसवणूक."

त्या दिवसापासून पेटी बंद होण्याआधी पोरगा फोनवरचा फोटो आणि पेटीतलं फळ शेजारी धरून बघतो.

तात्पर्य : गिऱ्हाइकाच्या जागी उभं राहून जो दुकान मांडतो, त्याच्याकडे गिऱ्हाईक थांबतं, आणि मांडलं तेच पेटीत भरतो, त्याच्याकडे ते परत येतं.