मालकाचा नकार आणि भाडेकरूची गाडी

पुण्यात किंवा ठाण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने इलेक्ट्रिक गाडी घेतली, की घरी चार्जिंग करण्यासाठी त्याला तीन होकार मिळवावे लागतात: वीज कंपनीचा, घरमालकाचा आणि सोसायटीचा. त्यांतला पहिला आता फारसा अवघड राहिलेला नाही. २००३ च्या वीज कायद्याचे कलम ४३ मालकाबरोबर भोगवटादारालाही वीज मागण्याचा हक्क देते. मालकाने ना हरकत पत्र दिले नाही एवढ्यावरून भाडेकरूला वीज नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. २०२४ मध्ये सुधारलेल्या केंद्रीय ग्राहक-हक्क नियमांनुसार तर गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळी जोडणीही मागता येते. घोडे अडते ते उरलेल्या दोन होकारांपाशी. तिथे विजेचा प्रश्न मागे पडतो आणि एक फार जुना प्रश्न पुढे येतो: जो मालक आहे त्याला केवळ मालक म्हणून, कारण न सांगता, ‘नाही’ म्हणता येते का? माझ्या मते येत नाही. जागा राहायला दिली, तिचे भाडे घेतले, की तिच्या साध्या वापराला नकार देण्याचे कारण दाखवण्याची जबाबदारी नकार देणाऱ्याची होते.

आपल्याकडे या प्रश्नाचा खल यज्ञाच्या निमित्ताने झाला आहे. विश्वजित यागात यजमानाने आपले सर्वस्व दान करायचे असते. मग यजमान सार्वभौम राजा असेल तर त्याने सगळी पृथ्वी देऊन टाकावी का, असा पूर्वपक्ष जैमिनीच्या मीमांसासूत्रांत सहाव्या अध्यायात येतो. उत्तर नकारार्थी आहे: पृथ्वी सर्वांना सारखीच आहे, म्हणून ती राजाला देता येत नाही. शबरस्वामी भाष्यात त्यावर एक नेमकी मर्यादा घालतात. माणसे शेतांची मालक असलेली दिसतात, पण अवघ्या भूगोलाचा मालक कोणी दिसत नाही. सतराव्या शतकात नीलकंठ भट्टांनी हाच धागा ‘व्यवहारमयूखा’त पुढे नेला. भट्टांचे घराणे मूळचे पैठणचे, वास्तव्य काशीत, आणि ग्रंथाचा अधिकार पुढे मुंबई-उत्तर कोकणापर्यंत मानला गेला. मुलूख जिंकला म्हणून राजा तिथल्या प्रत्येक जमिनीचा धनी होत नाही, त्याला कर घेण्याचा अधिकार मिळतो, असे ते म्हणतात. राजाचे नाते रक्षणाचे, आणि रक्षणाबद्दल कर.

हा विचार सोसायटीला लावून पाहावा. ती देखभाल करते आणि देखभालीचे शुल्क घेते. भाडेकरू ठेवला म्हणून सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्कही मालकाकडून घेते, आणि ते बहुधा भाड्यातूनच निघते. म्हणजे भाडेकरू अप्रत्यक्ष कर भरतो, पण सर्वसाधारण सभेत त्याला मत नसते. कोणी म्हणेल, सोसायटी राजासारखी नाही. कन्व्हेयन्स झाल्यावर जमीन आणि इमारत कायद्याने तिचीच असते. हे खरे आहे, आणि शबरस्वामींचे शेत इथे सोसायटीच्या बाजूने साक्ष देते असेही वाटेल. पण पार्किंगची जागा त्या शेतासारखी नाही. दहिसरच्या पांचाळी सोसायटीच्या खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की स्टिल्टखालची पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्र वस्तू म्हणून विकता येत नाही, कारण ती सामाईक सोयींचा भाग आहे. सामाईक जागेचा कारभार पाहणारी समिती तिची व्यवस्था लावू शकते. कोणी कुठे गाडी लावावी, वायर कुठून न्यावी, मीटर कुठे बसवावा हे सांगू शकते. व्यवस्था लावण्याचा अधिकार आणि मनाला येईल तसे अडवण्याचा अधिकार यांत मात्र राजाच्या करात आणि राजाच्या मालकीत आहे तेवढेच अंतर आहे.

घरमालकाची बाजू याहून भक्कम आहे, कारण फ्लॅट खरोखरच त्याचा आहे. शिवाय आपल्याकडचा बहुतेक शहरी भाडेकरू कायद्याच्या भाषेत भाडेकरूही नसतो. लिव्ह अँड लायसन्सच्या अकरा महिन्यांच्या करारात त्याला फक्त परवानगी मिळते, आणि १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे अशा परवानगीने जागेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. याज्ञवल्क्यस्मृतीही, पिढीजात भोगाचा अपवाद सोडला तर, भोगापेक्षा आगम म्हणजे मालकीचा आधार बलवान ठरवते. पण तीच स्मृती लगेच पुढे म्हणते की जिथे थोडाही भोग नाही तिथे आगमालाही बळ नाही. स्मृतिकार तिथे मालकी सिद्ध करण्याविषयी बोलत आहेत, भाडेकराराविषयी नाही. तरी त्यामागची समज इथे उपयोगी पडते. कोणी वापरल्याशिवाय मालकी कागदावरच राहते. घरमालक स्वतः तिथे राहत नाही, त्याच्या वतीने भाडेकरू राहतो, आणि त्या राहण्याचेच भाडे मालक घेतो. राहण्यात काय काय येते हे काळागणिक बदलत गेले आहे. नळ, गॅसची जोडणी, इंटरनेटची केबल यांपैकी प्रत्येक गोष्ट एकेकाळी चैन होती. आज गीझर लावताना कोणी सोसायटीचा ठराव मागत नाही.

इथे सुरक्षिततेचा आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. गीझर पंधरा मिनिटे चालतो, गाडी रात्रभर. साध्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर ३.३ किलोवॅटने ३० युनिटची बॅटरी भरायला नऊ तासांच्या वर लागतात. जुन्या इमारतीतली जुनाट वायर इतका वेळ तापत राहिली तर धोका खरा आहे. भिंतीवरचा ७ किलोवॅटचा चार्जर तर अनेक दोन खोल्यांच्या घरांच्या मंजूर भारातच बसत नाही. पण हा आक्षेप माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही. ‘मीटर रूमची क्षमता संपली आहे’ हे कारण आहे. ते तपासता येते, भार वाढवून घेता येतो, परवानाधारक वायरमनकडून वेगळी वायर आणि अर्थिंग करून घेता येते. ‘आमच्याकडे चालत नाही’ हे कारण नाही. आणि सामाईक मीटरच्या सॉकेटला चोरून गाडी लावणाऱ्याची बाजू घेण्याचे इथे कारण नाही. शेजाऱ्यांच्या बिलावर आपली गाडी पळवणे हा सरळ अस्तेयाचा भंग आहे.

दुसरा आक्षेप कराराचा: अटी वाचूनच सही केली होती ना? केली होती, पण त्या छापील करारात भिंतीला खिळे ठोकू नयेत इथपर्यंत सगळे असते, चार्जिंगबद्दल अवाक्षर नसते. मौनाचा अर्थ नेहमी बलवानाच्या बाजूने का लावायचा? जर्मनीने २०२० च्या डिसेंबरपासून तो उलट लावला आहे. तिथल्या नागरी संहितेच्या कलम ५५४ नुसार गाडीच्या चार्जिंगसाठी लागणाऱ्या बांधकामाला परवानगी भाडेकरू मागू शकतो. त्याचे हित धरूनही तो बदल मालकाने सोसणे रास्त नसेल तरच नकार टिकतो. घर सोडून जाणाऱ्याच्या मागे उस्तवार कोणी करायची, ही मालकाची रास्त भीतीही तिथे लक्षात घेतली आहे: भाडेकरू त्यासाठी वेगळी अनामत देऊ शकतो. अकरा महिन्यांचा भाडेकरू खर्च स्वतः करतो, चार्जर सोबत नेतो आणि वायर काढून देतो किंवा मालकाला ठेवतो, इतका साधा हा व्यवहार आहे.

हा गाडी परवडणाऱ्यांचा लाड आहे, असेही म्हटले जाते. पण दारोदार जेवण पोचवणारा भाड्याच्या खोलीतला तरुण आणि ई-रिक्षावालाही याच दोन होकारांपाशी अडतो. काढता येणारी बॅटरी असलेला स्कूटरवाला ती पिशवीत घालून तिसऱ्या मजल्यावर नेतो आणि पलंगाजवळ चार्ज करतो. सुरक्षिततेच्या नावाने दिलेला विनाकारण नकार असा धोका पार्किंगमधून थेट झोपायच्या खोलीत नेऊन ठेवतो.

माझा युक्तिवाद जिथे तोकडा पडतो ती जागा वेगळीच आहे. गिरगाव-परळच्या चाळींत आणि पागडीच्या इमारतींत पार्किंगच नाही. गाडी रस्त्यावर उभी असते आणि खिडकीतून सोडलेली वायर पदपथ ओलांडून जाते. तिथे नकाराला कारण आहे, कारण पदपथ चालणाऱ्यांचा आहे आणि पावसाळ्यात ती वायर जीवघेणी ठरू शकते. अशा भाडेकरूचा प्रश्न घरमालकाकडे किंवा सोसायटीकडे सुटणार नाही. तो महानगरपालिकेकडे, दिव्याच्या खांबांकडे आणि रात्रीच्या पार्किंगच्या नियमांकडे न्यावा लागेल. तिथे मात्र कारभारीही तीच आणि मालकही तीच आहे.