जुन्या पिकअपचं पाणी

अमेरिकेच्या उत्तरेला, नॉर्थ डकोटाच्या सपाट मुलखात एक तरुण राहत होता. तिथला हिवाळा लांब आणि कडक. पारा उणे तीसपर्यंत उतरला तरी माणसं आपापल्या कामाला निघतात. तरुणाकडे वडिलांच्या मागे उरलेला 1989 सालचा पिकअप होता. त्यातून तो घरोघरी जळणाची लाकडं पोचवायचा. त्यावरच त्याचं घर चालायचं.

एका वर्षी थंडीच्या तोंडावर गाडीत गोडसर वास येऊ लागला. समोरची काच आतून धुरकट व्हायची आणि पुसली की तेलकट ओघळ मागे राहायचे. शेजारच्या सीटपुढे, पाय ठेवायच्या जागी ओल दिसायची. दारातून पावसाचं पाणी येत असेल, असं म्हणून तरुणाने तिथे एक पोतं टाकलं. कूलंट कमी झालेलं दिसलं की तो नळाचं पाणी ओतायचा आणि पुढे निघायचा.

पोतंही भिजलं, तेव्हा कुणीतरी सांगितलं, "हीटर कोर गळतोय." डॅशबोर्डमागे एक लहानसा रेडिएटर असतो. इंजिनात नव्वद अंशांच्या आसपास तापलेलं कूलंट त्याच्या बारीक नळ्यांतून फिरतं, पंखा त्यावरून वारा सोडतो, आणि तो वारा पायांना ऊब देतो, काच स्वच्छ ठेवतो.

तरुणाने गळती बंद करणारी भुकटी आणून रेडिएटरमध्ये टाकली. गळती थांबली. पण भुकटीने भोकाबरोबर त्या बारीक नळ्याही बुजवल्या. हीटरचा वारा कोमट झाला, आणि थोड्याच दिवसांत पोतं पुन्हा ओलं झालं.

मग एका मित्राने हीटरकडे जाणारे दोन्ही होज पाइप काढून एकमेकांना जोडून दिले. आता कूलंट हीटरमध्ये जातच नव्हतं, म्हणून गळतही नव्हतं. फुकटात काम झालं, असं तरुणाला वाटलं.

पहिली कडक थंडी पडली आणि त्याचा श्वास काचेवर आतून गोठू लागला. एका हाताने स्टिअरिंग धरायचं, दुसऱ्याने काच खरवडायची, आणि तळहाताएवढ्या जागेतून रस्ता बघायचा. एका पहाटे ती जागाही गोठली. रस्त्याची कड दिसली नाही, आणि लाकडांनी भरलेला पिकअप चरात उतरला.

मागून एक म्हातारा ट्रॅक्टर घेऊन येत होता. जन्मभर त्याने शेतीची यंत्रं दुरुस्त केली होती. साखळी लावून त्याने पिकअप ओढून काढला, गोठलेल्या काचेकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "माझ्या शेडमध्ये घेऊन ये. चूल पेटलेली आहे."

तरुण नवा हीटर कोर घेऊन आला. म्हाताऱ्याने तो खोक्यातच राहू दिला. इंजिन पुरतं थंड झाल्यावर त्याने रेडिएटरचं झाकण उघडलं आणि कूलंट पिचकारीत ओढून उजेडात धरलं. हिरवं असायला हवं ते गढूळ, तांबूस होतं. पिचकारीतला काटा सांगत होता की उणे बाराच्या खाली ते गोठलं असतं.

"आता ग्लोव्ह बॉक्स रिकामा कर," म्हातारा म्हणाला. कोर त्याच्याच मागे होता.

तरुणाने जुने हातमोजे काढले, पावत्या काढल्या. तळाशी वडिलांची एक लहान वही होती. पान्हा बाजूला ठेवून तो ती चाळू लागला. दर दुसऱ्या वर्षी, थंडीआधी, एकच नोंद होती: कूलंट बदललं. वडील गेले त्यानंतरची पानं कोरी होती. तो रोज त्याच खणात हातमोजे ठेवत आला होता.

म्हातारा काही बोलला नाही. त्याने आधी कुत्र्याला बाहेर बांधलं. कूलंट चवीला गोड असतं, पण विषारी. नंतर त्याने गाडीखाली परात सरकवली.

होज नळीला चिकटून बसला होता. तरुण तो पिळून ओढू लागला, तेव्हा म्हाताऱ्याने त्याचा हात धरला. "होज उभा चिरून काढ. तो स्वस्त आहे. ओढाओढीत कोरची नळी मोडते, नवा बसवशील तेव्हाही हे लक्षात ठेव."

जुना कोर बाहेर आला. डाग दिलेल्या सांध्यावर हिरवट खरपुडी जमली होती.

"हा जुना झाला म्हणून फुटला," तरुण म्हणाला.

"गंज धरू न देणारी औषधं कूलंटमध्ये असतात, ती संपत जातात. मग ते पाणी धातूच खायला लागतं. इंजिनाच्या भिंती जाड, याचा पत्रा पातळ. म्हणून हा आधी फुटला. त्यात तू नळाचं पाणी ओतत राहिलास. नवा कोर याच पाण्यावर बसवलास तर तोही जाईल."

तरुणाला घाई होती. लाकडांची गिऱ्हाइकं वाट बघत होती. तरी त्याने ऐकलं. इंजिन आणि रेडिएटर स्वच्छ पाणी येईपर्यंत पुन्हा पुन्हा धुतले. घाण पाणी अंगणात न फेकता कॅनमध्ये भरून ठेवलं. नवा कोर बसवला, चहूकडून फोमची पट्टी लावली, नवे होज चढवले. उणे सदतीसपर्यंत टिकावं म्हणून कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं निम्मं मिसळून भरलं. हीटर पूर्ण उघडून इंजिन चालू ठेवलं, अडकलेली हवा निघून जाऊ दिली. दोन्ही होज सारखेच गरम लागले, तेव्हा म्हाताऱ्याने मान हलवली.

काच खालून वर स्वच्छ होत गेली.

पोतं, भुकटी आणि जोडलेले होज, या तिन्ही उपायांनी गळती फक्त दिसेनाशी केली होती. बिघाड आत फिरणाऱ्या पाण्यात होता आणि ते पाणी कुणी बघितलंच नव्हतं. घरातही जे माणूस सगळ्यांत आधी कोलमडतं, त्याच्यावर कमकुवतपणाचा ठपका बसतो, आणि सगळ्यांच्या अंगात भिनलेलं तसंच राहून जातं.

त्या संध्याकाळी तरुणाने वडिलांच्या वहीत पुढच्या कोऱ्या पानावर तारीख लिहिली. त्यानंतर दर दुसऱ्या वर्षी, थंडी सुरू होण्याआधी, त्या पिकअपचं कूलंट बदललं गेलं.