माळ नेमकी कुठे तुटली? (गीता 7.7)



आजचा श्लोक सातव्या अध्यायातला सातवा. भगवंत म्हणतात, दोऱ्यात मणी ओवावेत तसं हे सगळं जग माझ्यात ओवलेलं आहे.

दिवाळीसाठी तळोद्याला घरी आलोय. काल वसुबारसेला लाइटिंगची जुनी माळ काढली, तर पेटेचना. मी मोबाईलवर नवीन मागवायला लागलो. आप्पा म्हणाले, "एखादा बल्ब गेला असेल रे, टेस्टर आण."

ही एलईडीच्या आधीची माळ. 6 व्होल्टचे 40 बल्ब एकापुढे एक, म्हणजे 230 व्होल्ट सगळ्यांत वाटले जातात. एक गेला की चाळीसही बंद. फेजच्या बाजूने टेस्टर जिथपर्यंत पेटतो तिथपर्यंत माळ धड, पुढे घोटाळा. (पायात रबरी चप्पल, आणि बल्ब बदलताना प्लग काढलेला हवा!) मी आधी मधला होल्डर तपासला, मग उरलेल्या निम्म्याचा मधला. बायनरी सर्च, दुसरं काय. सहाव्या खेपेला सापडला.

जादा बल्ब नव्हता. म्हटलं, तारा जोडून टाकू, 39 तर पेटतील. आप्पा म्हणाले, "तसं करत गेलास तर उरलेल्यांवर जोर येतो, मग तेही लवकर जातात." शेवटी दुसऱ्या बंद माळेतला एक काढून बसवला.

या श्लोकावर माउली सोन्याच्या मण्यांचा दाखला देतात, सोन्याच्याच सुतात ओवलेल्या. मी तो नुसता 'किती सुंदर' म्हणून वाचत आलो. काल लक्षात आलं, की या माळेत सगळ्यांना जोडणारी वेगळी अशी तार नाहीच. करंट बल्बाच्या आतूनच पुढच्याकडे जातो. प्रत्येक बल्ब मणीही आहे आणि सूतही. देवाचं सूत तुटत नाही, तिथे माझा दाखला लंगडा पडतो. पण घरातलं तुटतं.

दोन वर्षं झाली, काका आमच्या दिवाळीत नाहीत. कारण शेताचा बांध. आम्ही काय केलं? तारा जोडून टाकल्या. पाडव्याच्या जेवणाला त्यांची पानं मांडायची बंद केली आणि म्हणालो, चाललंय की छान. जोर कोणावर आला ते आजीकडे पाहिलं की कळतं. ती फराळाचा एक डबा अजूनही वेगळा भरते आणि तो घरातच राहतो.

आणि मी? रोज इथे श्लोक टाकतो. त्या भांडणात शेवटचा वाकडा शब्द माझा होता, काकांचा नव्हे. टेस्टर तेवढ्या एका जागी मी कधी लावलाच नाही.

आज धनत्रयोदशी. संध्याकाळी दिवे लावायच्या आधी तो डबा घेऊन जाणार आहे. फोन करून नाही, तसाच. तीन गल्ल्या पलीकडे तर घर आहे. दार उघडतील की नाही, माहीत नाही.

राम कृष्ण हरी.