तक्त्यातला रिकामा रकाना

आईबाबांच्या लग्नाला 30 वर्षं होतायत, म्हणून आलिशान क्रूझ कंपन्यांचा तक्ता केला. सिल्व्हरसी: प्रत्येक स्वीटला बटलर. रीजंट: किनाऱ्यावरच्या सहलीही भाड्यातच. सीबर्न: टिपची अपेक्षा नाही.

बाबा पेणच्या गणपती कारखान्यात डोळ्यांची आखणी करतात. सणाआधी रात्र रात्र जागतात. गिऱ्हाईक विचारतं फक्त मूर्तीची किंमत. मीही तेच करतोय का?

2006 च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारात 24 तासांत किमान 10 तास विश्रांती सांगितली आहे. म्हणजे 14 तास काम नियमातच बसतं. बाबांना आराम द्यायचा, तो दुसऱ्या कुणाच्या जागरणावर? आराम विकत घेणं पाप नाही. पण त्याची किंमत कोण मोजतं, हे न विचारणं सोयीचं आहे.

तक्त्यात एक रकाना वाढवलाय: 'खोली आवरणाऱ्याची झोप'. माहितीपत्रकं चाळून झाली. रकाना अजून रिकामाच आहे.